रिकाम्या जागी शून्य

अमिषा घरतला माणसं आवडत नसत. हे कुणी मागून लावलेलं शेपूट नव्हे. ती स्वतःच सांगायची, आणि तेही मिरवत. शाळेत बाईंनी 'माझे गाव' असा निबंध दिला, तेव्हा बाकीच्या पोरांनी खाडी, मिठागरं, गावदेवीची जत्रा असं काहीबाही खरडलं. अमिषानं लिहिलं की आमच्या गावातली बहुतेक माणसं मूर्ख आहेत आणि जी नाहीत ती मुंबईला राहतात. बाईंनी कान पिळला. घरी येऊन कान चोळत ती आईला म्हणाली, "बाई पण गावातल्याच निघाल्या."

गाव रेवदंड्याच्या अलीकडे, खाडीला लागून. बापजाद्यांची मिठागरं होती, ती आता नुसती पाणी साचून पडलीत. अमिषाचा धाकटा भाऊ धनेश डंपर चालवता चालवता डंपरांचा मालक झाला. बरा पोरगा, पण अमिषाच्या लेखी तो गिअर टाकणारं मशीन. आई कृष्णाबाई भाकऱ्या थापणारं मशीन. शेजारीपाजारी तर मशीनसुद्धा नव्हेत, कारण मशीन निदान सांगितलेलं काम करतं. अलिबागच्या कॉलेजातनं बी.एस्सी. होऊन ती परत आली ती नाक वर करूनच, आणि ते नाक पुढं कधी खाली आलं नाही. लग्नाला स्थळं यायची. एकाला तिनं विचारलं, "सरासरी आणि मध्यक यातला फरक सांगता येईल का?" बिचारा चहा अर्धा ठेवून उठला. कृष्णाबाईनं कपाळावर हात मारला आणि म्हणाली, "जळलं मेलं ते शिक्षान!"

शेवटी तिला नोकरी लागली ती किनारा आरोग्य न्यासात. ही संस्था किनाऱ्यावरच्या गावांतल्या गरोदर बायांवर लक्ष ठेवायची. गावोगावच्या सेविका घरी जाऊन फॉर्म भरायच्या, आणि न्यासाचं ऑफिस ठरवायचं की कुठल्या बाईला धोका आहे. धोका असला की शेवटच्या महिन्यात तिच्यासाठी गाडी तयार ठेवायची आणि तिला थेट अलिबागला न्यायची, जिथं रक्त मिळतं, ऑपरेशन होतं. धोका नसला तर गावाजवळच्या लहानशा प्रसूतिगृहात भागायचं. म्हणजे बघा, काम कागदाचं असलं तरी त्या कागदावर बाईचा जीव टांगलेला. अमिषा तिथं फॉर्म संगणकात भरायला होती. दिवसभर सेविकांच्या अक्षराला शिव्या घालत ती कीबोर्ड बडवायची.

ऑफिसचे साहेब रशीद सर, मुरूडकडचे. तरुणपणी आखातात स्टोअर सांभाळलेलं, आता दाढीला मेंदी आणि तोंडात सदा 'माशाल्ला'. माणूस देवमाणूस, पण ईमेलला जोडलेली फाईल उघडायला त्यांना अमिषा लागायची. ती फाईल उघडून द्यायची आणि तोंडातल्या तोंडात म्हणायची, "ह्यांनी म्हणे आखात चालवलं."

ती प्रोग्रामिंग शिकली तीही तुच्छतेपोटीच. पुण्याहून एक मुलगी दोन दिवस प्रशिक्षणाला आली होती. गोरीपान, केस मोकळे, हातात चकचकीत लॅपटॉप. तिनं दहा-बारा ओळी टाईप केल्या आणि पडद्यावर अख्ख्या तालुक्याचा आलेख उभा राहिला. रशीद सरांनी टाळ्या वाजवल्या, सेविकांनी वाजवल्या. अमिषानं वाजवल्या नाहीत. तिच्या मनात एकच: ह्या बाहुलीला येतं म्हणजे ते अवघड असूच शकत नाही.

आणि खरं सांगायचं तर ती शिकली. मानायलाच पाहिजे, पोरगी जिद्दीची. धनेशनं तिला जुना लॅपटॉप आणून दिला. घरात नेटवर्क यायचं नाही, म्हणून ती गच्चीवर पाण्याच्या टाकीला पाठ लावून बसायची, समोर सुकत घातलेले बोंबील आणि मांडीवर पायथन ही प्रोग्रामची भाषा. 'आरोग्य-डेटा विज्ञान' असा ऑनलाईन कोर्स होता. शिकवणारे गृहस्थ म्हातारे, शांत, एकेक वाक्य तोलून बोलणारे. अमिषानं त्यांचा वेग दुप्पट करून टाकला. त्या वेगात ते गृहस्थ गिरणीतल्या पट्ट्यासारखे फडफडायचे आणि ती हसायची. लूप आले, फंक्शन आली, तक्ते जोडणं आलं. चुका यायच्या तेव्हा ती स्क्रीनलाच शिव्या द्यायची. "गाढवा, कंस बंद केलाय की!" असं ती ओरडली की खाली अंगणात कृष्णाबाई म्हणायची, "कुनाशी भांडते गो ही?"

एका धड्याचं नाव होतं 'रिकाम्या जागांचं काय करायचं'. माहितीच्या तक्त्यात काही खण रिकामे असतात, ते कसे भरायचे, की भरायचेच नाहीत, असा तो धडा. म्हातारेबुवा सारखे म्हणत होते, "हे परिस्थितीवर अवलंबून आहे. जागा रिकामी का राहिली ते आधी शोधा." अमिषाला 'अवलंबून आहे' ह्या शब्दांचा भारी तिटकारा. ज्याला उत्तर येत नाही तो म्हणतो अवलंबून आहे. तिनं धडा पुढं ढकलला, परीक्षेत ते दोन प्रश्न चुकले तरी पास झाली, आणि सर्टिफिकेट रंगीत छापून ऑफिसात टेबलामागं चिकटवलं.

ह्याच सुमाराला घरात सून आली होती. धनेशची बायको म्हसळ्याकडची. नाव कोकिळा. सावळी, ठेंगणी, हसताना तोंडावर हात घेणारी. आजीचं नाव ठेवलेलं, आणि नावासारखाच गळा, ओवी म्हणायला लागली की बाया हातातलं काम थांबवायच्या. पण अमिषाचं नाक मुरडलेलं. "कोकिळा? ह्या जमान्यात? हाक मारली की बाजारात बसल्यासारखं वाटेल." आमच्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर नवरा अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. हल्ली पुष्कळ घरांत हे सोडून दिलंय, बऱ्याच घरांत चालतंही. घरतांकडे आधी ठरलं होतं की नाव बदलायचं नाही. अमिषानंच हट्ट धरला आणि अमिषानंच नाव काढलं: मृणाली. धनेशनं ताटात लिहिलं. नवी नवरी हळूच म्हणाली, "मला माजंच बरं वाटतं." वाजंत्री वाजत होती, कुणाला ऐकू गेलं नाही. आपण तिला कोकिळाच म्हणू.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. कोकिळा सातव्या महिन्यात म्हसळ्याला गेली, तिकडेच बाळंत झाली, मुलगी झाली. तीन महिन्यांनी परत आली ती कागदासारखी पांढरी होऊन. कृष्णाबाई म्हणाली, "माहेरचं खाऊन असं कसं गो?" कोकिळाच्या आईनं पोरीला बजावून पाठवलं होतं, सासरी काही बोलायचं नाही, उगाच म्हणतील नाजूक पोर गळ्यात बांधली. कोकिळा गप्प राहिली. अमिषानं तिच्याकडे बघून निदान केलं: "खात नसेल. वजनाची फॅशन."

मग न्यासात अमिषाचे दिवस पालटले. रशीद सर एकदा म्हणाले, "बेटी, तू एवढं शिकलीस, तर कुणाला धोका आहे ते मशीनलाच ठरवता येईल का? आपण माणसं चुकतो." माणसं चुकतात हे वाक्य अमिषाच्या कानात मधासारखं उतरलं. तिनं कामाला सुरुवात केली. पहिली कुऱ्हाड सेविकांच्या फॉर्मवर. त्यात एक प्रश्न होता: मागच्या बाळंतपणात काही त्रास झाला होता का? उत्तरं काय, तर 'थोडा झाला', 'देवाच्या कृपेनं बरं', 'सासू म्हणते नाही', आणि एका ठिकाणी नुसतं 'हो ना'. अमिषा हे मोठ्यानं वाचून दाखवायची आणि हसायची. "हो ना! ह्या 'हो ना'चा आलेख काढू का मी?" तिनं तो प्रश्नच फॉर्ममधून काढून टाकला. बायांच्या तोंडी माहितीवर विश्वास ठेवायचा नाही. न्यासाकडे किनाऱ्यावरच्या सगळ्या गावांच्या मागच्या वर्षांच्या नोंदी होत्या, म्हसळ्याकडच्यासुद्धा. प्रोग्रामनं बाईचं नाव आणि मोबाईल नंबर घ्यायचा, जुन्या नोंदींत तीच बाई शोधायची, आणि मागच्या वेळी काय झालं ते उचलून आणायचं. जन्मतारखेचा उपयोग नव्हता; निम्म्या बायांना शाळेच्या गुरुजींनी एक जूनलाच जन्माला घातलेलं.

रशीद सर चाचरत म्हणाले, "प्रश्न ठेवला असता तर... विचारायला काय जातं?"

"सर, विचारलं की त्या बोलतात," अमिषा म्हणाली. "तोच तर प्रॉब्लेम आहे."

प्रोग्राम चालला. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायांपैकी बऱ्याच जणींची जुनी नोंद सापडली, पण पुष्कळ जणींची सापडलीच नाही. त्या रकान्यात रिकाम्या जागांची रांगच्या रांग. क्षणभर अमिषा थबकली. मग तिला कारण सुचलं, तिला नेहमी सुचायचं तेच: सेविका आळशी, लिहीत नाहीत. आणि काहीच लिहिलं नाही म्हणजे काही झालंच नसणार; मोठा त्रास झाला असता तर एवढ्या बोलभांड बायांनी लिहिला नसता होय? तिनं एक ओळ टाईप केली. रिकामी जागा दिसली की तिथं शून्य भर. शून्य म्हणजे त्रास नाही. सगळे खण क्षणात भरले, तक्ता गुळगुळीत झाला आणि तिच्या जिवाला बरं वाटलं.

प्रोग्राम प्रत्येक बाईला रंग द्यायचा. लाल म्हणजे अलिबाग, हिरवा म्हणजे जवळपास. नावाच्या जागी नुसता नंबर दिसायचा. नावं बघून माणूस पाघळतो, असं अमिषाचं मत. लाल बाया एकदम कमी झाल्या, गाडीची धावपळ कमी झाली. विश्वस्त खूश. दुसऱ्या किनारपट्टीवरही हाच प्रोग्राम लावायचा, त्यासाठी अलिबागला मोठ्या बैठकीत अमिषानं तो सादर करायचा असं ठरलं. अर्ध्या हळकुंडानं पिवळी होणं म्हणतात ते हेच. ती गच्चीवर भाषणाची तालीम करायची आणि टाकीवरचे कावळे ऐकायचे.

कोकिळाला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. दुसरं बाळंतपण सासरी. आठवा लागला तशी ती बेचैन झाली. म्हसळ्याकडच्या डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलं होतं, पुढच्या वेळी दुखायला लागायच्या आधीच दवाखान्यात सांगून ठेव. आईनं सांगितलेलं गप्प बसणं एकीकडे आणि डॉक्टरीणबाईंचं सांगणं दुसरीकडे. अखेर ती सासूशी बोलली. कृष्णाबाई म्हणाली, "बालंतपनात रगत न जाऊन काय दूध जानार हाय? आमाला न्हाय काय झाली पोरं?" मग नवऱ्याशी बोलली. धनेश म्हणाला, "मना त्यातलं काय कलतं? ताईला सांग. ती त्याचंच तर शिकलीय."

म्हणून ती गच्चीवर गेली, एका हातानं कठडा धरत. अमिषाच्या मांडीवर लॅपटॉप होता.

"ताई, यक सांगायचं व्हतं."

"बोल लवकर."

"पयल्या बारीला माजं लय रगात गेलं व्हतं. पोर झाली आनि मग थांबंचना. बाटल्या चढवल्या. डॉक्टरीन बोलली, पुढच्या येळंला आदीच सांगून ठेव म्हनून."

"कागद आहे?"

"कागद म्हायेरी. बाबांनी कुठं ठेवला ठाव न्हाय."

"मग झालं." अमिषानं मान वर केली नाही. "मृणाली, हे बघ, प्रत्येक बाईला वाटतं आपलं रक्त जास्त गेलं. बायका माप घेऊन बसलेल्या असतात का? जे झालं असेल त्याची नोंद असणार, नोंद असेल तर प्रोग्राम शोधणार. तू सांगून ते खरं होत नाही आणि न सांगून खोटं होत नाही. एका बाईनं सांगितलं त्याला डेटा म्हणत नाहीत, गप्पा म्हणतात."

कोकिळाला डेटा कळला नाही, गप्पा कळल्या. ती उभी राहिली थोडी. "पन तुमी लिवून घेतलं असतं तर..." म्हणाली. अमिषानं कानात हेडफोनची बोंडं घातली. कोकिळा कठडा धरून खाली उतरली.

अहो, एवढंच करायचं होतं. कीबोर्ड मांडीवर होता, बाई समोर होती, ती आपणहून सांगत होती. परक्याच्या सुनेनं सांगितलं तर माणूस उठून ऐकतो. पण घरातल्याचं बोलणं ऐकायला कमीपणा वाटतो काही जणांना, आणि अमिषाला तर जन्मजात.

अलिबागची बैठक तोंडावर आली होती. तेवढ्यात एका दुपारी, जेवणं आटोपत असतानाच, कोकिळाच्या पोटात कळा सुरू झाल्या. धनेशनं गाडी दाराशी लावली. कृष्णाबाईनं कपड्यांचं गाठोडं घेतलं. धनेश अमिषाला म्हणाला, "ताई, अलिबागला नेऊ काय? ती सारकी बोलते, तिकडंच नेवा, तिकडंच नेवा."

अमिषानं फोन उघडला. घरच्या फॉर्मचा नंबर तिला पाठ होता. पडद्यावर ठिपका हिरवा.

"हिरवी आहे ती. जवळच ने."

"पन ती बोलते..."

"ती बोलते! अरे, लाल बायांसाठी आहे ते अलिबाग. माझ्याच घरची हिरवी बाई मी तिकडे नेली तर उद्या बैठकीत लोक काय म्हणतील? प्रोग्राम हिचा आणि विश्वास हिचाच नाही?"

धनेशनं कोकिळाकडे पाहिलं. कोकिळानं डोळे मिटून घेतले होते. धनेश डंपरवाला, ज्याला जे कळतं त्याचं ऐकायचं, हा त्याच्या धंद्यातला नियम. त्यानं गाडी जवळच्या प्रसूतिगृहाकडे वळवली.

तिथले डॉक्टर भले गृहस्थ. कोकिळाला आत नेताना त्यांनी विचारलं, "दुसरी खेप ना? पहिल्या वेळी रक्तस्राव वगैरे झाला होता का?" कोकिळानं स्ट्रेचरवरून मान उचलली, ओठ हलवले. तेवढ्यात कळ आली. अमिषा पुढं झाली.

"तिला काय विचारता डॉक्टर, मला विचारा. मी ह्याच कामात आहे. सगळ्या नोंदी तपासल्यात. काही झालेलं नाही."

डॉक्टरांनी लिहून घेतलं.

मुलगा झाला. कृष्णाबाईनं देवाला हात जोडले, धनेश पेढे आणायला निघाला. तो गेटापर्यंत पोचतो न पोचतो तोच आतली नर्सबाई धावत बाहेर आली. मग जे झालं ते काय सांगावं. रक्त थांबेना. डॉक्टरांनी होतं नव्हतं ते केलं आणि म्हणाले, अलिबाग, आत्ताच्या आत्ता. त्या रस्त्यावर धनेशनं गाडी कशी हाकली ते त्याचं त्याला ठाऊक. मागच्या सीटवर अमिषा कोकिळाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. सीट भिजली, तिचा पंजाबी ड्रेस भिजला. कोकिळाचे डोळे उघडे होते आणि ती अमिषाकडे नुसती बघत होती.

अलिबागला रक्त मिळालं, एकामागून एक बाटल्या लागल्या. जीव वाचला. पण गर्भपिशवी काढावी लागली. पंचविशीतली पोर.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हसळ्याहून कोकिळाची आई आली. पोरीला बघून तिनं दवाखान्याच्या पायरीवरच अंग टाकलं. "पयल्या बारीला बी आसंच झालं व्हतं गो माजे बाय! डॉक्टरीननं सांगितलं व्हतं, आदी सांगा म्हनून. तुजं त्वांड काय शिवलं व्हतं काय?"

"तिनं सांगितलं व्हतं," धनेश म्हणाला. कुणाकडे न बघता म्हणाला. मग त्यानं बहिणीकडे बघितलं, आणि तो गिअर टाकणारा भाऊ तिला पहिल्यांदाच अनोळखी वाटला. "सगल्यांना सांगितलं व्हतं. ताईला बी सांगितलं व्हतं. मी ताईचं आयकलं."

अमिषा बाकड्यावर बसली होती. आता तिचं डोकं चालायला लागलं, आणि नेहमीप्रमाणे ते आधी दुसऱ्याच्या चुकीकडे धावलं. नोंद होती तर प्रोग्रामला सापडली का नाही? म्हसळ्याच्या सेविकेनं भरलीच नसेल, आळशी मेली. मग तिला कळलं. नोंद असणार होतीच, पण ती कोकिळाची. माहेरचं नाव, बापाचं आडनाव, बापाचा मोबाईल. प्रोग्राम शोधत होता मृणाली धनेश घरत, धनेशच्या मोबाईलवरची. ती बाई तर घरतांच्या ताटात जन्मली होती, तिला मागचं बाळंतपण असणार कुठून? आणि एकटी कोकिळाच कशाला, पहिलटकरीण माहेरी जाते हा तर घरोघरचा रिवाज. माहेरी बापाचं आडनाव, बापाचा फोन; सासरी नवऱ्याचा. रिकाम्या जागांची ती लांबलचक रांग म्हणजे ह्या सगळ्या बाया. त्यांच्यापुढं तिनं शून्य लिहिलं होतं. हे तिला माहीत नव्हतं असं नाही हो. ह्याच गावात जन्मली, ह्याच रिवाजात वाढली, स्वतःच्या वहिनीला नाव स्वतः दिलं. ठाऊक सगळं होतं, पण गावाचं काही ठाऊक असणं म्हणजे तिला अडाणीपणा वाटायचा, म्हणून लॅपटॉप उघडताना ती ते सगळं चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायची.

बैठकीला ती गेली नाही. रशीद सर दवाखान्यात येऊन गेले, शहाळी घेऊन. "अल्लानं वाचवलं," एवढंच म्हणाले. ती त्यांना म्हणाली, "सर, प्रोग्राम बंद करा." त्यांनी त्याच दिवशी बंद केला, काही विचारलं नाही. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

मग ती घरी लॅपटॉप घेऊन बसली आणि ती शून्याची ओळ पुसली. पुसली खरी, पण तिथं दुसरं काय लिहायचं? म्हातारेबुवांचा तो धडा तिनं परत लावला, साध्या वेगात. ते तेच म्हणत होते, जागा रिकामी का राहिली ते आधी शोधा. कसं शोधायचं ते मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. दारात जायचं, बाईसमोर बसायचं आणि विचारायचं. फॉर्ममधून काढलेला प्रश्न तिनं परत घातला. पहिल्यांदा कुणाला विचारायचं हे तिला सांगायला कुणी लागलं नाही.

कोकिळा मागच्या खोलीत बाजेवर होती. पोरगा कुशीत झोपलेला. थोरली पोर कोपऱ्यात भातुकली मांडून बसलेली. अमिषा दारात उभी राहिली, मग आत आली, मग खाली जमिनीवर बसली. हातात वही होती.

"कोकिळा," ती म्हणाली. "माझं चुकलं. लई मोठं चुकलं. पहिल्या वेळी काय काय झालं होतं, मला सांग. पहिल्यापासून सांग. मी सगळं लिहून घेते."

कोकिळानं मान वळवली. गाडीत बघत होती तसंच बघितलं, पुष्कळ वेळ. रागावली असती तर अमिषाला ते झेपलं असतं, रडली असती तरी झेपलं असतं. पण कोकिळाच्या चेहऱ्यावर अमिषाला जे दिसलं ते ती जन्मभर दुसऱ्यांकडे बघताना स्वतःच्या चेहऱ्यावर वागवत आली होती. कोकिळा हलकेच हसली, आणि ह्या खेपेला तिनं तोंडावर हात घेतला नाही.

"आता मला कशाला इचारताव, ताई? माज्यात काय ऱ्हायलंय लिवून घ्यायला?" तिनं पोराचं दुपटं सारखं केलं आणि भिंतीकडे कूस वळवली. "त्या खालच्या आळीतल्या केसरला इचारा, जावा. तिला आठवा लागलाय. पन तिच्या दारात गेल्याव आदी गप बसा. ती बोलंल."